अक्कांसाठी एकपानी मार्गदर्शिका

इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळुरू
८ सप्टेंबर २०२५

ती. अहल्याक्का यांस,
सा. न. वि. वि.

मेलवर 'सा. न. वि. वि.' लिहिणारा आमच्या कंपनीत मी एकटाच आहे. शेजारच्या टेबलावरच्या एकाला ते कुठल्याशा फाइलचं नाव वाटलं होतं.

खरं तर फोनच करणार होतो. पण आमच्या घरातून तुम्हाला लावलेला फोन माझ्या कानाशी फार वेळ टिकत नाही. 'अक्का का?' म्हणत मनस्विनी तो काढून घेते आणि मग तुम्हा बहिणींचं सुरू होतं. शिवाय तुम्ही शाळेतून निवृत्त होऊन आमच्या पुस्तिकांचं भाषांतर हाती घेतलंत, तेव्हाच तिने घरात कायदा केलाय: कंपनीची गोष्ट बहिणीबहिणींत नाही आणि जेवणाच्या टेबलावर तर नाहीच. समोरासमोर बोलायचं तर मेट्रो झाली तरी इथून मल्लेश्वरम म्हणजे अर्धा दिवस. म्हणून हे पत्र.

आमच्या दूध गार ठेवायच्या टाक्या तुम्हाला पाठ आहेत. त्यांच्या पुस्तिका मराठीत आणि कन्नडात तुम्हीच आणल्यात. पण त्या पुस्तिका आमच्याकडे कशा नांदतात हे मी तुम्हाला आजवर कळू दिलेलं नाही. एका फोल्डरमध्ये 'पुस्तिका_अंतिम' आहे. तिच्या शेजारी 'पुस्तिका_अंतिम_नवीन'. खाली 'पुस्तिका_अंतिम_नवीन_हीच वापरा', जी कुणीच वापरत नाही, कारण तिच्यानंतर मी स्वतः 'पुस्तिका_अंतिम_नंदकिशोर' अशी एक काढली. जूनमध्ये हासनकडच्या एका दूध सोसायटीला यातली भलतीच छापून गेली. त्यांच्या सेक्रेटरींनी फोन करून विचारलं की पुस्तिकेतलं लाल बटण टाकीवर कुठे आहे. बिचाऱ्यांनी टाकीखाली टॉर्च मारून शोधलं होतं. ते बटण आम्ही गेल्या वर्षीच काढून टाकलंय.

मग आमचे संचालक गुरुराज यांनी हुकूम काढला: कुणी, कधी, काय बदललं हे लक्षात ठेवणारं एखादं साधन निवडा आणि सगळ्या पुस्तिका त्यात घाला. निवड समितीचा अध्यक्ष मी, कारण सर्वांत जास्त 'अंतिम' माझ्याच नावावर. दुसरी सभासद सॉफ्टवेअर विभागाची अनुषा. ती म्हणते, आमचे इंजिनिअर वापरतात ते गिटच घ्या, फुकट आहे आणि काही विसरत नाही. मला एका विक्रेत्याचं तयार सॉफ्टवेअर बरं वाटतंय. महाग आहे, पण दिसायला वर्डसारखं आहे आणि माझ्या वयाला ओळखीचे चेहरे बरे वाटतात. शेवटी असं ठरलं की नव्या टाकीची पुस्तिका गिटमध्ये करून बघायची आणि तिचं भाषांतर तुम्ही तिथेच करायचं. नोव्हेंबरात निकाल.

एक गोष्ट कानावर घालतो. गुरुराज म्हणाले, बाहेरच्या अनुवादकांना हे जमलं तर उत्तम, नाहीतर भाषांतराचं काम एजन्सीला देऊन टाकू. तुमच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही.

सोबत मी लिहिलेली मार्गदर्शिका जोडली आहे. आधी ती चार पानी झाली होती. काटछाट करून एका पानात बसवली. खरं सांगतो, बऱ्याच वर्षांत स्वतःचं लिखाण मला इतकं आवडलं नव्हतं.

आपला नम्र,
नंदकिशोर


मल्लेश्वरम
११ सप्टेंबर

चि. नंदकिशोरराव यांस,
अनेक आशीर्वाद.

'अंतिम'चा प्रकार वाचून हसू आलं. घरच्या जावयाला हसू नये असं आमच्या आईने शिकवलंय, म्हणून आवरलं.

मार्गदर्शिका सरी आहे, नीट समजली. तिच्या आधाराने गिट लॅपटॉपवर बसवलं, पुस्तिका उतरवून घेतली आणि काल पहिलं प्रकरण सुरूही केलं. हे साधन मला आवडेल असं दिसतंय. शाळेत भौतिकशास्त्र शिकवताना मी मुलांना खोडरबर वापरू देत नसे. चुकलं तर एक रेघ मारा, काय चुकलं ते मला दिसू दे, असं सांगायची. हे गिटही तसंच आहे, रेघ मारतं आणि जुनं ठेवतं.

तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलेला नियम माझ्या लक्षात आहे. वाचणारा लिहिलंय तेवढंच करेल, न लिहिलेलं करणार नाही, म्हणून भाषांतरात आपल्या मनचं काही घालू नये आणि काही गाळू नये. मार्गदर्शिकाही मी त्याच नियमाने पाळते आहे.

गुरुराजांना सांगा, परीक्षा घेण्यात माझी हयात गेली. एखादी द्यायला हरकत नाही.

नवरात्रात पायऱ्यांवर दसऱ्याच्या बाहुल्या मांडायला मनस्विनीला आधी दोन दिवस पाठवा. गेल्या वर्षी राजाराणी उलटे बसले होते.

अहल्या


इलेक्ट्रॉनिक सिटी
२६ सप्टेंबर

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

मनस्विनी गेल्या आठवड्यात बाहुल्या मांडायला येऊन गेली, तुमची तब्येत छान आहे असं म्हणाली. ऐकून बरं वाटलं. कामाची मुळीच घाई करू नका, हे सांगायलाच हे पत्र. नवीन साधन आहे, सुरुवातीला वेळ लागतोच. मलाही लागला. अनुषाने माझ्या लॅपटॉपवर सगळं जुळवून दिलं, तेव्हा कुठे माझं गाडं रुळावर आलं. आता मी बदल करतो, एक बटण दाबतो आणि अध्यक्षाला शोभेल अशा चेहऱ्याने इकडेतिकडे बघतो.

परवा त्या महागड्या सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस दाखवायला आला होता. टाय, दोन फोन आणि शंभर पानांचं सादरीकरण. 'आमच्यात सगळं आहे,' हे तो वारंवार सांगत होता. अनुषाने विचारलं, समजा आजचा बदल चुकला, तर कालचं पान परत कसं आणायचं? त्याने हसून मान हलवली, दोन-तीन मेनू उघडले, मिटले आणि मग बाहेर जाऊन ऑफिसला फोन केला. परत आला तेव्हा म्हणाला, पुढच्या आवृत्तीत येतंय. तरीही मी त्याला चहाला थांबवलं. आपल्यासारखंच कुणाला तरी काही येत नाही, हे बघून माणसाला आधार वाटतो.

तर अक्का, सावकाश करा. अडलं तर बिनदिक्कत विचारा. संकोच नको.

आपला,
नंदकिशोर


मल्लेश्वरम
६ ऑक्टोबर

चि. नंदकिशोरराव यांस,
अनेक आशीर्वाद.

घाई करू नका असं तुम्ही लिहिलंत, त्याचा अर्थ मला नीट लागला नाही. मी घाई करत नाही, पण सुम्मने हातावर हात ठेवून बसलेलीही नाही. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की बसते. एक तुकडा मराठीत, तोच कन्नडात, मग कमिट. आधी कमिट म्हणजे काय याची धास्ती होती. पण आज काय केलं ते एका ओळीत लिहून बटण दाबायचं एवढंच असतं हे कळलं, आणि आता ती ओळ लिहायलाच मजा येते. काल लिहिलं: 'गळती' बदलून 'पाझर' केलं, कारण टाकी गळत नाही, पाझरते.

चौथं प्रकरण संपलं. तुम्ही आजवर एकाही शब्दाबद्दल काही बोलला नाहीत, तेव्हा ठीक असावं असं धरून चालले आहे. पूर्वी तुम्ही पानोपानी लाल करून पाठवायचात, त्याची सवय झाली होती.

पाचव्या प्रकरणात तुमच्यासाठी एक गोष्ट ठेवली आहे. ती तेवढी बघून सांगा, मग पुढे जाते.

दसऱ्याला तुम्ही आला नाहीत. बाहुल्या बघायला पुरुषांनी यायचंच नाही असा काही शास्त्रार्थ नाही.

अहल्या


इलेक्ट्रॉनिक सिटी
९ ऑक्टोबर

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

दसऱ्याला न आल्याबद्दल क्षमा असावी. समितीचा अहवाल मानगुटीवर आहे.

पाचवं प्रकरण निवांत वाचलं. फारच समर्पक झालंय. तुम्ही ठेवलेली गोष्टही पाहिली आणि वाटलं, अक्कांशिवाय हे कुणाला सुचलं नसतं. त्यात एकही अक्षर बदलू नका. बाकीची प्रकरणंही झकास आहेत, म्हणूनच लाल करण्याचं काम उरलं नाही.

तब्येतीला जपा. संध्याकाळी फार वेळ पडद्यासमोर बसणं डोळ्यांना चांगलं नाही.

आपला,
नंदकिशोर


मल्लेश्वरम
१७ ऑक्टोबर

चि. नंदकिशोरराव यांस,
आशीर्वाद.

तुमचं पत्र मी आधी वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

पाचव्या प्रकरणात मी भाषांतर ठेवलेलं नाही. तिथे तुमच्यासाठी एक प्रश्न लिहिला आहे. मूळ इंग्रजीत दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यातली खरी कुठली, असा. प्रश्नाला 'समर्पक' म्हणणारा विद्यार्थी मला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. प्रश्न काय होता ते इथे पुन्हा लिहिणार नाही. जिथे लिहायचा तिथे लिहिलेला आहे.

माझं काम तुम्ही उघडूनही बघत नाही, एवढं मला कळलं. का बघत नाही ते मी विचारणार नाही. उरलेली प्रकरणं पुरी करते, कारण घेतलेलं काम अर्धं टाकायची सवय नाही.

दिवाळीला येते. मनस्विनीला सांगा, चकल्या मी आणीन.

अहल्या


इलेक्ट्रॉनिक सिटी
३ नोव्हेंबर

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

दिवाळीत तुम्ही घरी आलात, चकल्या आणल्यात आणि माझ्याशी फक्त हवेबद्दल बोललात. बेंगळुरूच्या हवेबद्दल माणूस बोलून बोलून किती बोलणार? मी दोनदा विषय काढायला गेलो, दोन्ही वेळा मनस्विनीने टेबलावरून नुसतं बघितलं. तिचा कायदा दिवाळीलाही शिथिल होत नाही.

तुमचं पत्र आल्यावर मी गिटमध्ये पाचवं प्रकरण पुन्हा उघडलं. तिथे प्रश्न नव्हता. अक्का, मी हे अगदी हळुवारपणे लिहितोय. नवीन साधनात असं होतं. लिहिल्यासारखं वाटतं आणि राहत नाही. यात तुमचा काहीही दोष नाही. तुम्ही 'रोज करते' असं लिहीत होतात ते मला समजत होतं. तुमच्या जागी मीही तसंच लिहिलं असतं.

तुमच्यावर ताण नको म्हणून एक करून ठेवलंय. पहिली दोन प्रकरणं रविवारी बसून मीच मराठीत केली. कन्नडही करायला घेतलं होतं, पण आमच्या वॉचमनला वाचून दाखवलं तर त्याने काळजीने विचारलं, 'काय सार, घरी कुणी आजारी आहे का?' तेव्हा ते थांबवलं.

येत्या गुरुवारी मी समितीचा अहवाल मांडणार आहे. अनुभवी अनुवादकांनाही गिट झेपत नाही, तेव्हा महागडं सॉफ्टवेअर घ्यावं, असं मी लिहिलंय. तुमचं नाव कुठेही नाही. गुरुराज मात्र भाषांतर एजन्सीकडेच द्यायच्या विचारात आहेत असं दिसतं. मी बोलून बघीन. पण अक्का, एका परीने तुमची या कटकटीतून सुटकाच होईल. आता आपल्याला हे सगळं कशाला हवंय?

आपला,
नंदकिशोर


मल्लेश्वरम
४ नोव्हेंबर

चि. नंदकिशोरराव यांस,

तुम्ही माझी सुटका करू नका. मीच सोडते. आजपासून मी तुमच्या पुस्तिकांचं काम करणार नाही. एजन्सीला खुशाल द्या.

पण जाण्याआधी एक सांगते. मी खोटं लिहीत होते, असं तुम्ही फार गोड भाषेत म्हणालात. शाळेत मी कॉपी करणाऱ्या मुलालासुद्धा सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं नाही, आधी त्याची वही उघडून बघितली. तुम्ही माझ्यासाठी एवढंही केलं नाहीत. मला झेपत नाही असं ठरवून टाकलंत, माझी प्रकरणं स्वतः लिहायला घेतलीत आणि वर मला डोळे जपायला सांगितलंत. मला याचं फार वाईट वाटलं. कालपासून जेवण गोड लागलेलं नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे.

मी तुमची मार्गदर्शिका शब्दाशब्दाने पाळली. ती आता मला तोंडपाठ आहे. बदललेली फाइल निवडा. काय बदललं ते एका ओळीत लिहा. 'कमिट' दाबा. हिरवी खूण आली की काम झालं, लॅपटॉप बंद करा. रोज हिरवी खूण आली, रोज मी लॅपटॉप बंद केला. नवव्या प्रकरणाची खूण परवा आली. पुस्तिका पुरी झाली आहे. ती तुम्हाला दिसत नसेल तर तुमच्या कंपनीत कुणाला तरी चष्मा हवा आहे.

मनस्विनीशी यातलं काही बोलू नका. बहिणीचं आणि माझं याच्याशी काही देणंघेणं नाही.

अहल्या


इलेक्ट्रॉनिक सिटी
५ नोव्हेंबर, सकाळ

ती. अक्का,

हे पत्र वाचून होईपर्यंत लॅपटॉपला कुणाला हात लावू देऊ नका.

तुमचं पत्र वाचताना 'लॅपटॉप बंद करा' या शब्दांशी येऊन मी अडखळलो. मग माझी मार्गदर्शिका उघडली, नंतर ती जुनी चार पानी उघडली. अनुषा चहाला बोलवायला आली. माझा चेहरा बघून तिने आधी पाणी आणलं.

अक्का, कमिट केलं की काम तुमच्याच लॅपटॉपवर नोंदलं जातं. ते आमच्याकडे यायला आणखी एक बटण दाबावं लागतं. त्याला पुश म्हणतात. चार पानी मार्गदर्शिकेत ती ओळ होती, अनुषाने सांगितलेली. एका पानात बसवताना मी ती गाळली, कारण मला ती फालतू वाटली. फालतू का वाटली? कारण मी स्वतः कधी पुश दाबलेलंच नाही. अनुषाने माझ्या लॅपटॉपवर दोन्ही गोष्टी एका बटणात बांधून दिल्यात आणि मी समजत होतो की जगात बटण एकच आहे.

म्हणजे तुमचं काम दोन महिने मल्लेश्वरमला पूर्ण होत होतं, आणि मी इथे रिकामं फोल्डर बघून तुमच्यावर दया करत होतो. 'पाचवं प्रकरण निवांत वाचलं' हे मी चक्क खोटं लिहिलं. काहीच आलेलं दिसत नव्हतं, आणि मोठ्या मेहुणीला 'काम कुठे आहे' असं विचारायची माझी छाती झाली नाही. वाटलं, अक्कांना ओशाळवाणं होईल. खोटं तुम्ही लिहीत होतात असं धरून बसलो, आणि लिहीत होतो मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दरवर्षी नवीन माणसं घेतली की त्यांना फळ्यावर लिहून देतो, वाचणारा न लिहिलेलं करणार नाही. तुम्ही तेच केलंत.

उद्या अकराला मला अहवाल मांडायचाय. तुम्ही काम सोडलं आहे, तेव्हा मला हुकूम करायचा अधिकार नाही, विनंती करतो. गिट उघडा. वरच्या पट्टीत उजवीकडे 'पुश' असं बटण आहे. ते एकदा दाबा. बाकी काही करू नका.

आपला अपराधी,
नंदकिशोर


मल्लेश्वरम
५ नोव्हेंबर, दुपार

दाबलं.

अहल्या


इलेक्ट्रॉनिक सिटी
७ नोव्हेंबर

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

काल काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

तुमचं 'दाबलं' आलं, त्याच्या आधीच माझ्या पडद्यावर कामाची रांग लागली होती. नऊ प्रकरणं, दोन भाषा, आणि प्रत्येक नोंदीखाली तुमची एकेक ओळ. मी दुपारभर तेच वाचत बसलो. मग पाचवं प्रकरण उघडलं. प्रश्न तिथेच होता: 'टाकीचं झाकण उघडायचं ते दूध ढवळणारं पातं थांबल्यावर, की थांबायच्या आधी? मूळ इंग्रजीत एका ठिकाणी आधी आहे, दुसऱ्या ठिकाणी नंतर.' अक्का, मी यावर लिहिलं होतं, एकही अक्षर बदलू नका. ते तसंच छापून गेलं असतं तर कुणाचा तरी हात त्या पात्यात गेला असता, आणि पुस्तिकेवर नाव माझं असतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पातं थांबल्यावरच.

गुरुवारी मी उभा राहिलो आणि म्हणालो, अहवाल मागे घेतो. गिट अनुवादकांना झेपत नाही असं मी लिहिलंय ते चूक आहे. आमच्या अनुवादिकेने पूर्ण पुस्तिका त्यात केली आहे, आणि एक धोकादायक चूकही पकडली आहे. ती आमच्यापर्यंत पोचली नाही, कारण मार्गदर्शिकेत एक पायरी नाही. मार्गदर्शिका माझी आहे.

गुरुराजांनी पेन खाली ठेवलं. 'म्हणजे ज्याला हे साधन झेपलं नाही, असा माणूस नेमका कोण?'

'मी, सर.'

'आणि तुम्ही आमचे डॉक्युमेंटेशन विभागाचे प्रमुख.'

'हो, सर.'

कुणीच हसलं नाही, त्यामुळे जास्तच अवघड झालं. अनुषा मला वाचवायला म्हणाली, 'चूक माझीही आहे, यांच्या लॅपटॉपवर दोन्ही बटणं मी एकत्र बांधली.' गुरुराजांनी विचारलं, का? ती म्हणाली, 'सर दुसरं बटण विसरतील याची मला खात्री होती.' मग मात्र सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार.

निकाल असा: गिट घ्यायचं. महागडं सॉफ्टवेअर नको. एजन्सीचा विषय बंद, भाषांतर अहल्याबाईंकडेच राहील, असं गुरुराज स्वतः म्हणाले. पण मी त्यांना सांगू शकलो नाही की अहल्याबाईंनी चार तारखेलाच काम सोडलं आहे. मला वाटलं, तुम्हाला विचारल्याशिवाय तेही सांगू नये.

अक्का, तुम्ही नाही म्हणालात तर मी गुरुराजांना कारणासकट सांगेन. मला तुम्ही हव्या आहात. फक्त भाषांतराला नाही. तुम्ही रागावल्यापासून घरात मनस्विनीशीही मला नीट बोलता येत नाही, आणि तिला कारण सांगायची बंदी तुमची आहे.

आपला,
नंदकिशोर


मल्लेश्वरम
१८ नोव्हेंबर

चि. नंदकिशोर,

उत्तराला उशीर केला. काल इथे देवळाशी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा होती, घरात पाहुणे होते. पण खरं कारण ते नाही. काय लिहावं ते ठरत नव्हतं.

शाळेत असताना दिवसभर मला कुणी ना कुणी विचारत असे. मॅडम, हे असं का? मॅडम, हे तुम्ही फळ्यावर चुकीचं लिहिलंत. निवृत्त झाले आणि ते सगळं थांबलं. आता सगळे वाकून नमस्कार करतात, पंख्याखालची खुर्ची देतात आणि मग आपापसात बोलत बसतात. घरात काही ठरवायचं असलं की 'अक्कांना कशाला त्रास' म्हणतात. तुमच्या कामात माझ्या शब्दाला कुणीतरी लाल रेघ मारत होतं. माझं बरोबर आहे की चूक हे कुणीतरी तपासतं, अशी ती एकच जागा उरली होती. तिथूनही दोन महिने काही आलं नाही, तेव्हा मला वाटलं, संपलं, इथेही आता नमस्कारच.

रागाच्या भरात मी मार्गदर्शिकेला नावं ठेवली नाहीत, आणि आताही ठेवणार नाही. चूक एका ओळीची होती. पण तुम्ही आठवड्याभरात 'अक्का, काही आलं नाही, कुठे आहे?' एवढं विचारलं असतंत तर चहा निवायच्या आत सापडली असती. मी विचारलं असतं, 'का बघत नाही?' तरीही सापडली असती. मी थोरली म्हणून तुम्ही विचारलं नाही, तुम्ही जावई म्हणून मी विचारलं नाही. दोघांनी एकमेकांना इतका मान दिला की ती पुस्तिका त्यात बुडायची वेळ आली.

मी काम सोडत नाही. मनस्विनीला सगळं सांगितलं. ती हसली आणि मग रडली. तिचा कायदा रद्द झाला आहे.

पण मला हा मान आता नको. तुला वाटेल, अक्का या वयात काय करायला निघाली. हे लिहायला मला तीन वेळा खोडावं लागलं, पण आजपासून मी तुला अहो-जाहो करणार नाही. तूही घरात सगळ्यांदेखत माझी चूक काढायची, हवी तर भांडायचं.

नवं काम त्या पाचव्या प्रकरणापासून सुरू कर. मी कन्नड सुधारून कालच पाठवलंय. त्यात तुला काय खटकतं ते शुक्रवारपर्यंत कळव. काहीच खटकलं नाही असं लिहिलंस, तर तू वाचलेलं नाहीस असं मी धरून चालेन.

तुझी,
अक्का